मामांचा रिसीव्हर आणि चार ओहमचे स्पीकर

रात्री नऊच्या सुमारास मामांचा फोन. "अरे, तो रिसीव्हर परत मुका झाला. टक् असा आवाज येतो आणि सगळं गप. पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा गातो. आपली विहिरीवरची मोटर ट्रिप होते ना, अगदी तसंच बघ."

मामा नाशिकजवळ मखमलाबादला राहतात. द्राक्षबाग आहे, आणि बागेइतकाच जीव हॉलमधल्या जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवर, म्हणजे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकत्र असलेल्या खोक्यावर. मामेभाऊ नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचे उंच टॉवर स्पीकर इथेच राहिले. मामांनी ते रिसीव्हरच्या पाठीमागे ‘बी’ लिहिलेल्या जागी जोडले. जुने ‘ए’वर होतेच. दोन्ही बटणं दाबून चार स्पीकरांवर अभंग लावले. दोन दिवस घर दणाणलं आणि तिसऱ्या दिवसापासून ही टक्-टक् सुरू झाली. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "नवे स्पीकर चार ओहमचे, रिसीव्हर आठ ओहमचा. मॅच होत नाही. रिसीव्हर बदला."

हे उत्तर अर्धं खरं आहे. त्रास स्पीकरांमुळेच होतोय, हा खरा अर्धा भाग. उरलेला घोटाळा ‘मॅच’ या शब्दात आहे. तो ऐकला की वाटतं, आठ नंबरच्या बोल्टला आठ नंबरचाच पाना लागतो तसं काहीतरी असणार. तसं नाही. आठ ओहमच्या रिसीव्हरला सोळा ओहमचा स्पीकर लावला तर काहीही बिघडत नाही, फक्त आवाज थोडा कमी मिळतो. प्रश्न आकडे जुळण्याचा नाहीच. स्पीकर रिसीव्हरकडून किती करंट ओढतो आणि रिसीव्हर तेवढा करंट न तापता देऊ शकतो का, एवढाच आहे. मामांची मोटरची उपमा दुकानदाराच्या उत्तरापेक्षा जास्त बरोबर होती, म्हणून मी तीच धरून पुढे गेलो.

रिसीव्हरमधला अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पंप. व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब. करंट म्हणजे वाहणारं पाणी. स्पीकर म्हणजे पुढची पाइपलाइन, आणि ओहम म्हणजे ती पाइपलाइन पाण्याला किती अडवते त्याचं माप. ओहमचा आकडा जितका लहान तितकी अडवणूक कमी, आणि अडवणूक कमी म्हणजे पाणी जास्त. इथे पुष्कळ लोक फसतात. चार हा आठाच्या निम्मा, म्हणून चार ओहमचा स्पीकर ‘हलका’ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो अ‍ॅम्प्लिफायरला दुप्पट जड असतो.

हिशेब साधा आहे. व्होल्टेज भागिले ओहम म्हणजे करंट, आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे वॅट. समजा आवाजाचं बटण अशा जागी आहे की स्पीकरच्या तारांवर २० व्होल्ट येतात. आठ ओहमचा स्पीकर २.५ अँपिअर ओढेल, म्हणजे ५० वॅट. बटण तिथेच ठेवून चार ओहमचा लावला तर ५ अँपिअर, १०० वॅट. आणि मामांनी केलं तसं आठ आणि चार दोन्ही एकत्र जोडले तर? असे शेजारी-शेजारी जोडलेले दोन स्पीकर मिळून किती ओहम होतात हे काढायला दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज करायची : ३२ भागिले १२, म्हणजे साधारण २.७. आता करंट ७.५ अँपिअर आणि १५० वॅट. तेही एका बाजूचे. स्टिरिओ म्हणजे अशा दोन बाजू.

मामा फोनवर क्षणभर थांबले. "म्हणजे मी दोन्ही प्लॉटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले."

अगदी तेच. सेंट्रिफ्यूगल पंपाच्या डिलिव्हरीला काहीच अडवणूक उरली नाही की तो पाणी भसाभसा ओततो, मोटर जास्त अँपिअर घेते आणि स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडतो. म्हणून तर जाणता माणूस मोटर सुरू करताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह दाबून ठेवतो. रिसीव्हरमधली ती ‘टक्’ म्हणजेही रिलेच. रिसीव्हर चालू केल्यावर दोन-चार सेकंदांनी जी टक् ऐकू येते, ती या रिलेने स्पीकर जोडल्याची. गाणं चालू असताना आली, तर स्पीकर तोडल्याची.

उपमा एका जागी तोकडी पडते. सगळे व्हॉल्व्ह उघडले की पंपाचा दाब पडतो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र हट्टी असतो. पुढे कितीही मोठं भोक पडलं तरी ठरलेला दाब टिकवायला तो जिवाच्या आकांताने धडपडतो. त्याचा गुण हाच, आणि जळतो तोही यामुळेच.

‘मॅच’ हा शब्द आला कुठून

तो खोटा नाही, जुना आहे. व्हॉल्व्हचे (पाण्याचे नव्हेत, काचेच्या नळ्यांचे) रेडिओ ज्यांनी उघडून पाहिलेत त्यांना आत स्पीकरपाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर आठवत असेल. व्हॉल्व्हला जास्त व्होल्टेज आणि अगदी थोडा करंट जमतो, तर स्पीकरला नेमकं उलट हवं असतं. दोघांमधला दुभाष्या म्हणजे तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्याच्या गुंडाळ्याच ठरावीक ओहम गृहीत धरून घातलेल्या असतात. म्हणून आजही व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ अशी वेगवेगळी टर्मिनलं असतात आणि तिथे खरोखरच आकडा पाहून तार जोडावी लागते. मंडपवाल्यांच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरवरही ४, ८, १६ ओहम आणि शेजारी १०० व्होल्ट लाइन अशी टर्मिनलं दिसतात. गावभर टांगलेले भोंगे त्या लाइनवर, प्रत्येकी आपापल्या ट्रान्सफॉर्मरसह चालतात. (नाशिक ढोलाला यातलं काहीच लागत नाही, हे गणपतीत दर वर्षी सिद्ध होतं.)

घरच्या ट्रान्झिस्टरच्या रिसीव्हरमध्ये तो दुभाष्या नसतो. अशा रिसीव्हरचा स्वतःचा आतला अडथळा ०.१ ओहमपेक्षाही कमी असू शकतो. पुढे आठ ओहम असो की चार, तो आपला अडथळा त्याच्याशी जुळवायला जात नाही. उलट हा फरक जितका मोठा तितकी स्पीकरच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) त्याची पकड घट्ट. कंपन्या या पकडीला डॅम्पिंग फॅक्टर म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायरचा अडथळा ०.०८ ओहम असेल तर आठ ओहमच्या स्पीकरला तो १०० भरतो आणि चारच्या स्पीकरला ५०. दोन्ही भरपूर.

चार म्हणजे नेमके चार नव्हेत

इथपर्यंत मी ओहम हा एकच आकडा असल्यासारखं बोललो. मल्टिमीटरने मोजतो तो रोध, आणि तो खरंच एक आकडा असतो. पण स्पीकरमधून वाहतो तो सारखा दिशा बदलणारा करंट. त्याला तारेच्या रोधाशिवाय गुंडाळीचं चुंबकत्व अडवतं, आत क्रॉसओव्हर (खालचे-वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) असेल तर त्यातले कपॅसिटर आणि कॉइलही अडवतात. या सगळ्या अडवणुकीला मिळून इम्पिडन्स म्हणतात. शब्द ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये रूढ केला. आपल्याकडे पुस्तकात ‘संरोध’ म्हणतात, पण दुकानात संरोध मागितलात तर लोक तुमच्याकडे बघत राहतील.

इम्पिडन्स सुराप्रमाणे बदलतो. ‘आठ ओहम’ छापलेला स्पीकर त्याच्या रेझोनन्सच्या खर्जावर, म्हणजे ज्या सुराला कोन आपणहून झुलतो तिथे, तीस-चाळीस ओहमपर्यंत चढतो, मग तबल्याच्या आणि पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात, म्हणजे साधारण १०० ते ३०० हर्ट्झच्या दरम्यान, खाली येतो आणि वरच्या सुरांत पुन्हा चढतो. पाठीवर छापलेला आकडा हा या घाटरस्त्याचं नाव आहे, उंची नव्हे. आयईसी ६०२६८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा घाट छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या खाली उतरू नये : आठवाल्याने ६.४ च्या खाली जाऊ नये, सहावाल्याने ४.८ च्या आणि चारवाल्याने ३.२ च्या. सगळ्या कंपन्या हे इमानाने पाळतात असं मात्र समजू नका. ‘सहा ओहम’ छापलेला पण मधल्या पट्ट्यात साडेतीनपर्यंत घसरणारा स्पीकर, प्रामाणिकपणे ‘चार’ छापलेल्या स्पीकरइतकाच जड.

आणखी एक गुंता आहे, तो चटकन सांगतो. कपॅसिटर आणि कॉइलमुळे करंट आणि व्होल्टेज एकाच तालात राहत नाहीत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पॉवर फॅक्टर (हाच ताल मोजणारा आकडा) सांभाळायला कपॅसिटरचे पॅनल बसवतात, त्यामागचं कारण आणि हे कारण एकाच कुळातलं. ताल चुकला की अ‍ॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरवर नको त्या क्षणी नको तेवढा भार येतो. त्यामुळे एकाच आकड्याचे दोन स्पीकर असूनही एक रिसीव्हरला सोपा आणि दुसरा अवघड जाऊ शकतो.

मग कंपन्या चार ओहमचे स्पीकर बनवतातच का? एक कारण गाडीत सापडतं. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात १४.४ व्होल्ट. त्यातून जास्तीत जास्त ताकद काढायला स्पीकरच्या दोन्ही तारांना स्वतंत्रपणे ढकलणारी ब्रिज जोडणी वापरली, तरी आठ ओहमच्या स्पीकरला आदर्श स्थितीत १३ वॅट मिळतील आणि चारच्या स्पीकरला २६. व्होल्टेज वाढवता येत नसेल तर ओहम कमी करा, एवढाच तो मामला. म्हणून कार स्पीकर चार ओहमचे. आणि म्हणूनच जुन्या गाडीतून काढलेले स्पीकर लाकडी खोक्यात बसवून घरच्या रिसीव्हरला लावणाऱ्यांना हा लेख लागू पडतो. तसंच डीव्हीडीवाल्या होम थिएटर संचांचं. त्यातला प्लेअर मेला की मागे उरलेले छोटे स्पीकर लोक दुसऱ्या रिसीव्हरला लावतात, आणि त्यांतले काही तीन ओहमचे निघतात. मागचं लेबल वाचल्याशिवाय त्यांना हात लावू नये.

दुसरं कारण जाहिरातीचं. माहितीपत्रकात स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ‘२.८३ व्होल्टला, १ मीटरवर इतके डेसिबल’ अशी देतात. हा २.८३ आकडा मुद्दाम निवडलेला आहे : आठ ओहमवर त्याने बरोबर १ वॅट होतो. पण चार ओहमवर तोच २ वॅट होतो. म्हणजे चारवाला स्पीकर दुप्पट वॅट खाऊन ३ डेसिबल जास्त दाखवतो आणि कागदावर ‘जास्त कार्यक्षम’ ठरतो. जास्तीचं काम केलं रिसीव्हरने, कौतुक स्पीकरचं.

उष्णता कुठे जाते

घरगुती रिसीव्हर बहुतेक ‘क्लास एबी’चे असतात. त्यांच्या आत एक स्थिर व्होल्टेज असतं. ६० वॅटच्या रिसीव्हरमध्ये समजा अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. स्पीकरला त्या क्षणी जेवढे हवेत तेवढे व्होल्ट पुढे जातात आणि उरलेले ट्रान्झिस्टरवर पडतात. त्यांच्यातून करंटही वाहत असतो, म्हणून त्यांची उष्णता होते. किती? सलग एकच सूर वाजवला तर एका बाजूच्या ट्रान्झिस्टरांची कमाल उष्णता आठ ओहमवर साधारण ३१ वॅट, चार ओहमवर ६२ आणि मामांच्या २.७ ओहमवर ९३. घरातली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. दोन्ही बाजूंची बेरीज केली तर मामांच्या रिसीव्हरच्या पोटात सात सोल्डरिंग आयर्न लावल्यासारखं होतं. गाण्यात सूर सलग नसतो म्हणून प्रत्यक्ष उष्णता याहून कमी, पण चार ओहमवर आठपेक्षा दुप्पट, हे प्रमाण बदलत नाही.

यातली गंमत अशी की ही कमाल उष्णता फुल आवाजावर होत नाही. ती होते पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर. म्हणजे ‘मी कधी फुल लावलाच नाही’ हा बचाव चालत नाही.

ट्रान्झिस्टरशिवाय ट्रान्सफॉर्मरही तापतो. तो बारका असेल तर करंट वाढला की त्याचे व्होल्ट पडतात, संगीताच्या लाटांचे शेंडे छाटले जातात, आवाज फाटतो. फाटलेल्या आवाजात वरच्या सुरांचा कचरा फार असतो आणि तो थेट ट्वीटरमध्ये, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये जातो. कमी ताकदीच्या रिसीव्हरने मोठ्या स्पीकरचा ट्वीटर जाळल्याच्या ज्या कहाण्या ऐकतो, त्या अशाच घडतात.

आता मामांच्या हॉलकडे या. रिसीव्हर ठेवलेला शोकेसच्या मधल्या कप्प्यात. दोन्ही बाजूंना लाकूड, पुढे काच. त्याच्या डोक्यावर मामींनी विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर फोटोफ्रेम. नाशिकची हवा थंड म्हणून आपण मिरवतो, पण एप्रिल-मेमध्ये इथेही पारा चाळिशी गाठतो. रिसीव्हरच्या वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर पडायची असते आणि नेमकी तीच रुमालाने झाकलेली. मी पहिली दुरुस्ती केली ती रुमालाची, ओहमची नाही. मामींना पटवायला विद्युतशास्त्रापेक्षा जास्त कौशल्य लागलं.

पाठीमागची बारीक अक्षरं

प्रत्येक रिसीव्हरच्या मागे स्पीकर टर्मिनलजवळ बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. मामांच्या रिसीव्हरवर होतं : ए किंवा बी, ४ ते १६ ओहम, ए अधिक बी, ८ ते १६ ओहम. म्हणजे कंपनीनेच सांगितलंय की एका वेळी एकच जोडी लावली तर चार ओहम चालतील. दोन्ही जोड्या एकदम लावायच्या तर प्रत्येक जोडी किमान आठची हवी, म्हणजे मिळून चार होतील. रिसीव्हर ‘आठ ओहमचा’ नव्हताच. दुकानात हे कोणी वाचलं नव्हतं आणि मामांनीही नव्हतं. (काही रिसीव्हर ‘ए अधिक बी’ला दोन जोड्या एकापुढे एक जोडतात. तिथे ओहमची बेरीज होते आणि धोका टळतो, पण वेगवेगळे स्पीकर असतील तर आवाज विचित्र होतो. आपला कुठला, हे त्याच अक्षरांवरून आणि पुस्तिकेवरून ओळखायचं.)

काही रिसीव्हरच्या मागे इम्पिडन्सचा सरकवायचा स्विच असतो, एका टोकाला ४ आणि दुसऱ्या टोकाला ८. याने काहीही ‘मॅच’ होत नाही. पुष्कळ मॉडेलांमध्ये तो आतलं व्होल्टेज कमी करतो. दाब कमी, म्हणून करंट कमी, म्हणून उष्णता कमी. बदल्यात वरची ताकद जाते आणि मोठ्या आवाजाला शेंडे लवकर छाटले जातात. चार ओहमचे स्पीकर असतील आणि तासन्‌तास मोठ्याने लावायची सवय असेल तर तो ४ वर ठेवावा, असं माझं मत. कंपनीचंही साधारण तेच सांगणं असतं. हौशी मंडळींमधले बरेच जण उलट सांगतात की आवाज मोकळा राहावा म्हणून तो कायम ८ वरच ठेवा. ज्याच्या रिसीव्हरला पंखा आहे आणि ज्याच्या डोक्यावर रुमाल नाही, त्याने हवं तर ऐकावं. स्विच सरकवताना मात्र रिसीव्हर बंद हवा.

हे सगळं वाचून घाबरायचंही कारण नाही, कारण घरात आपण वापरतो तो वॅट फार थोडा. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या दोन स्पीकरांना १-१ वॅट दिला की हॉलमध्ये ऐंशीच्या आसपास डेसिबल होतात. साधं बोलणं साठच्या आसपास असतं, म्हणजे हा बऱ्यापैकी मोठा आवाज झाला. सकाळी सहाला मामा अभंग लावतात तेव्हा सरासरी एक वॅटही जात नसेल. चार ओहमवर एक वॅट म्हणजे २ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, यात कोणताही धडका रिसीव्हर तापत नाही. पखवाजाची थाप मात्र क्षणभर सरासरीच्या दहापट, कधी शंभरपट वॅट मागते. राखीव ताकद लागते ती त्या क्षणांसाठी. आणि वॅट दुप्पट केले की वाढतात ते ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतके. दुप्पट मोठं वाटायला वॅट दहापट लागतात.

याच कारणाने ‘पीएमपीओ’ (क्षणिक कमाल ताकद) नावाच्या थापेवर माझा जुना राग आहे. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यावर हजार-हजार वॅट पीएमपीओ छापलेले असायचे आणि आत बसलेली असायची १५-२० वॅटची आयसी. रिसीव्हर घेताना बघायचा तो ‘आरएमएस’ (सलग देता येणारा) वॅट, आणि तो आठ व चार ओहमवर वेगळा दिलाय का ते. आठवर ६० आणि चारवर १०० लिहिलं असेल तर त्याचा ट्रान्सफॉर्मर चांगला. चारचा आकडा दिलेलाच नसेल तर कंपनीला तो दाखवायचा नाही असं समजावं.

मोजून पाहू

लेबल पुसलेलं असेल तर मल्टिमीटर घ्या. स्पीकर रिसीव्हरपासून सोडवा, मीटर ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकींना टेकवून किती दिसतं ते लक्षात ठेवा आणि नंतर वजा करा. स्पीकरवर ३.२ ते ३.६ दिसलं तर तो चार ओहमचा, ५.५ ते ७ च्या दरम्यान तर आठचा. मधलं काही आलं तर सहाचा असण्याची शक्यता जास्त. मामेभावाच्या टॉवरवर ३.४ आलं.

ज्याला अजून खोलात जायचंय त्याने १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आणावा. काही रुपयांचं काम आहे. तो स्पीकरच्या एका तारेत मध्ये घालायचा, फोनवरच्या टोन जनरेटरने १०० हर्ट्झचा सूर हळू आवाजात वाजवायचा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी रेझिस्टरवरचे, मग स्पीकरवरचे व्होल्ट बघायचे. दोघांतून करंट एकच जातो. म्हणून स्पीकरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरचे व्होल्ट, गुणिले दहा, हे झाले त्या सुरावरचे खरे ओहम. रेझिस्टरवर १ व्होल्ट आणि स्पीकरवर ०.३७ आला तर ३.७ ओहम. ५० पासून ३०० हर्ट्झपर्यंत असं मोजत गेलात की घाटरस्ता कागदावर उतरतो. त्याच्या वर स्वस्त मीटरवर विश्वास ठेवू नये. आम्ही दोघांनी एका रविवारी हे केलं. मामांनी द्राक्षाच्या फवारणीच्या वहीतच मागच्या पानावर आकडे लिहिले.

असाच एक चार ओहमचा रेझिस्टर कायमचा लावून टाकावा, चारात चार मिळवून आठ करावेत, हा उपाय पुष्कळ जण सुचवतात. हिशेबाने तो बरोबर आहे, कानाने चूक. निम्मी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाते आणि रिसीव्हरची स्पीकरवरची ती घट्ट पकड सुटते. डॅम्पिंग फॅक्टर पन्नासवरून एकावर येतो. ढोलकीची थाप थांबायची तिथे थांबत नाही, बुम्म करत राहते. अगदी सारखे दोन चार ओहमचे स्पीकर एकापुढे एक जोडून आठ करणं मात्र चांगलं. एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला, एवढंच. ब्रिज करून मोनो चालवता येणारा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर उलटी काळजी घ्यायची : तेव्हा त्याच्या प्रत्येक अर्ध्या भागाला निम्मेच ओहम दिसतात, चारचा स्पीकर दोनचा होतो.

हौस असेल तर तिसरा रस्ता स्वस्त आहे. टीपीए३११६ या चिपचे छोटे क्लास डी बोर्ड मिळतात. चिप चार ओहम डोळ्यांसमोर ठेवूनच केलेली आहे. २१ व्होल्टवर दोन्ही बाजूंना ५०-५० वॅट हा तिचा कंपनीने दिलेला आकडा. ट्रान्झिस्टर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढंच करतात, म्हणून वाया जाणारी उष्णता थोडी. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या जुन्या अडॅप्टरवरही चालतो. चार ओहमच्या स्पीकरसाठी हा बोर्ड आणि रेडिओसाठी जुना रिसीव्हर, असं घर विभागून देता येतं.

तारेचंही सांगून टाकतो, कारण चार ओहमला तार जास्त नडते. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार १० मीटर लांब नेली की जाऊन-येऊन २० मीटर होते आणि तिचा रोध भरतो ०.३४ ओहम. आठ ओहमच्या स्पीकरपुढे हे चार टक्के, चारच्या पुढे साडेआठ. अडीच एमएमची वायर घेतली की चार ओहमलाही साडेतीन टक्क्यांच्या आत येतं. त्याहून महागड्या तारेवर पैसे घालण्यापेक्षा ते पैसे पेट्रोलला ठेवा. टर्मिनलमध्ये तार खोचताना तिचे केस घट्ट पिळा. सुटलेला एक केस शेजारच्या टर्मिनलला टेकला तर ओहम चारही राहत नाहीत आणि आठही. शून्य होतात.

मामांचं म्हणाल तर आता ‘बी’ एकटाच चालू असतो. जुने स्पीकर पडवीत गेले, त्यांच्यासाठी तो क्लास डीचा बोर्ड मी जोडून देणार आहे. रिसीव्हर शोकेसमधून काढून उघड्या टेबलावर ठेवला, वर वीतभर जागा मोकळी. फोटोफ्रेम फ्रिजवर गेली. टक् होऊन दीड महिना झाला.

परवा मात्र त्यांनी मला अडवलंच. "स्टार्टरच्या पेटीवर अँपिअरचा काटा असतो. मोटर किती ओढते ते मला लांबून दिसतं. यांनी रिसीव्हरला तसा काटा का नाही दिला?"

जुन्या काही मॉडेलांना डौलदार काटे असायचे, वॅट लिहिलेले. पण ते मोजायचे व्होल्ट आणि वॅट लिहायचे आठ ओहम धरून. चार ओहमचा स्पीकर लावला की काटा ३० दाखवायचा आणि प्रत्यक्षात ६० जात असायचे. हे सांगितल्यावर मामा हसले आणि म्हणाले, "मग तो मीटर नाही. शोभेची वस्तू. शोकेसमध्येच बरा होता."